स्कूबासाठी तब्येत: मुंबईतून निघण्याआधी कोणत्या आजारात काय तपासायचं

मालवणचं किंवा अंदमानचं बुकिंग होतं, मास्क विकत घेतला जातो, आणि वैद्यकीय फॉर्म मात्र हातात पडतो तो थेट किनाऱ्यावर, बोट सुटायला अर्धा तास उरलेला असताना. दम्याच्या प्रश्नापुढे "हो" लिहिलं की डायव्हिंग सेंटर डॉक्टरची सही मागतं. त्या वेळी मालवणजवळच्या तारकर्लीत किंवा अंदमानातल्या स्वराज द्वीपावर छातीचा डॉक्टर कुठून आणणार? मग "हो"चं गुपचूप "नाही" होतं. दमा, मधुमेह, बीपी असलेल्या पुष्कळांना नीट तपासणीनंतर डाइव्ह करता येते. अडतं ते वेळेपाशी. म्हणून फॉर्म मुंबईतच, निघण्याच्या सहा ते आठ आठवडे आधी भरा.

पाण्याखाली शरीराचं काय होतं

समुद्रात दर १० मीटरला दाब एका वातावरणाने वाढतो. पृष्ठभागावर १, दहा मीटरवर २, वीस मीटरवर ३. दाब दुप्पट झाला की बंदिस्त हवेचं आकारमान निम्मं होतं आणि वर येताना तीच हवा पुन्हा फुगते. सर्वांत मोठा फरक पहिल्या दहा मीटरांत पडतो, त्यामुळे "आम्ही तर उथळच जाणार" हा दिलासा फारसा कामाचा नाही. छाती पूर्ण भरून श्वास रोखला, तर जेमतेम सव्वा मीटर वर येतानाही फुप्फुस फाटू शकतं. मालवणची ट्राय डाइव्ह (कोर्स न करता प्रशिक्षकासोबत मारलेली चाखून बघायची डाइव्ह) असो की १८ मीटरची ओपन वॉटर या पहिल्या कोर्सची डाइव्ह, हा नियम दोन्हीकडे तोच.

दुसरी गोष्ट हृदयाची. मानेपर्यंत पाण्यात उतरलं की पायांतलं रक्त छातीकडे सरकतं, साधारण अर्धा ते पाऊण लिटर. हृदयावर हा भार पडतोच, मग तुम्ही हातपाय हलवा किंवा नका हलवू. तिसरी गोष्ट शुद्धीची. जमिनीवर चक्कर आली तर माणूस खाली बसतो, कुणीतरी पाणी देतं. पाण्याखाली तोंडातून रेग्युलेटर (सिलिंडरची हवा देणारं उपकरण) सुटतो आणि माणूस बुडतो. फॉर्ममधला जवळजवळ प्रत्येक प्रश्न या तिघांपैकी एकाकडे जातो: अडकलेली हवा, हृदयाची ताकद, शुद्ध.

फॉर्म कसा भरायचा

पॅडी, एसएसआयसारख्या संस्थांची सेंटर्स २०२० मध्ये नव्याने तयार झालेली प्रश्नावली वापरतात. ती नेटवर मोफत मिळते. त्यात दहा मुख्य प्रश्न आणि ए ते जी असे सात पुरवणी रकाने आहेत. तिसऱ्या, पाचव्या किंवा दहाव्या प्रश्नाला "हो" असेल तर सरळ डॉक्टरकडे जायचं. बाकीच्यांना "हो" असेल तर संबंधित रकाना भरायचा, आणि त्यात एकही "हो" आला तरी डॉक्टर. सगळी उत्तरं "नाही" असतील तर तुमची सही पुरते.

लोक फसतात ते दहाव्या प्रश्नात. तो डॉक्टरने लिहून दिलेल्या नेहमीच्या औषधांचा आहे. गर्भनिरोधक गोळ्या आणि हिवतापाची प्रतिबंधक औषधं (त्यातलं मेफ्लोक्विन मात्र धरायचं) एवढीच त्यातून वगळली आहेत. म्हणजे रोज सकाळची थायरॉइडची गोळीसुद्धा "हो" ठरते. त्यासाठी कुणी तुम्हाला नाकारणार नाही, पण सही लागेल. पाचवा प्रश्न गेल्या १२ महिन्यांतल्या शस्त्रक्रियेचा आहे. पित्ताशय काढलं असेल, हर्नियाची जाळी बसवली असेल, तर तेही धरा.

तिसरा प्रश्न दमसासाचा: १.६ किलोमीटर १४ मिनिटांत चालणं किंवा २०० मीटर न थांबता पोहणं असा व्यायाम जड जातो का. हे अंदाजाने लिहू नका. शिवाजी पार्कला किंवा मरीन ड्राइव्हला फोनवर अंतर लावून चालून बघा. १४ मिनिटं म्हणजे बऱ्यापैकी झपाझप चाल आहे, बोलत बोलत जमणारी नाही. तलावात ५० मीटरच्या चार फेऱ्या मारा. वेळेची अट नाही, कडेला धरायचं मात्र नाही. दोन्ही जमत नसेल तर सही मिळवण्याआधी दोन महिने सराव करा.

ट्राय डाइव्हवाले काही ठिकाणी हा फॉर्म न देता फक्त जबाबदारी नाकारणाऱ्या कागदावर सही घेतात. त्या कागदाने सेंटर वाचतं, तुमचं फुप्फुस वाचत नाही. फॉर्म स्वतःचा स्वतः भरा.

कोणत्या डॉक्टरकडे जायचं

फॅमिली डॉक्टर तुम्हाला ओळखतात ही जमेची बाजू, पण "फिट" असं एका ओळीत लेटरहेडवर लिहून आणलेलं सर्टिफिकेट बहुतेक सेंटर्स मानत नाहीत. प्रश्नावलीसोबत येणारं डॉक्टरसाठीचं तपासणीचं पानच भरून आणावं लागतं. डायव्हिंग मेडिसिन जाणणारे डॉक्टर आपल्याकडे मोजके आहेत, त्यात मुंबई नशीबवान. कुलाब्याला आयएनएचएस अश्विनीच्या आवारात नौदलाची इन्स्टिट्यूट ऑफ नेव्हल मेडिसिन आहे. तिथे मरीन मेडिसिन शिकून निवृत्त झालेले डॉक्टर खासगीत भेटले तर उत्तम. न भेटल्यास आजाराप्रमाणे छातीचे, हृदयाचे किंवा कान-नाक-घशाचे डॉक्टर गाठा आणि जाताना प्रश्नावली, डॉक्टरचं पान, औषधांची नावं व डोस, जुने रिपोर्ट आणि कुठे, किती खोल, किती दिवस डाइव्ह करणार याची चिठ्ठी न्या. "स्कूबा" म्हणजे तोंडात नळी घेऊन पाण्यावर तरंगणं असं समजणारे डॉक्टरही भेटतात. त्यांना दाबाचं गणित दोन वाक्यांत सांगावं लागलं तर लाजू नका.

डॉक्टरची सही साधारण वर्षभर चालते. मध्ये नवा आजार झाला, औषध बदललं किंवा ऑपरेशन झालं, तर ती तिथेच संपली असं धरा.

दमा आणि फुप्फुसं

दम्यात श्वासनळ्या आकसतात आणि त्यांच्या पलीकडे हवा अडकते. वर येताना ती हवा फुगते आणि तिला बाहेर पडायला वाट नसते. भरीला सिलिंडरमधली हवा कोरडी आणि थंड, पोहण्याचा दम, कधी रेग्युलेटरमधून आत आलेले खाऱ्या पाण्याचे तुषार. दमा उठवायला एवढं पुरेसं आहे.

तपासणीत स्पायरोमेट्री, म्हणजे जोराने फुंकून फुप्फुसांची ताकद मोजणारी चाचणी, करतात. पहिल्या सेकंदाला बाहेर पडणारी हवा, म्हणजे एफईव्ही१, अपेक्षित आकड्याच्या ८० टक्क्यांहून जास्त आणि एफईव्ही१ व एकूण हवा यांचं गुणोत्तर ७० टक्क्यांहून जास्त हवं. मात्र बसल्या जागी केलेली चाचणी पुरत नाही. ट्रेडमिलवर किंवा जिना चढून दम लागल्यावर पुन्हा फुंकायचं. आकडा १५ टक्क्यांच्या आसपास घसरला तर उत्तर नाही. व्यायामाने, थंडीने किंवा घाबरल्याने दमा उठत असेल तर चाचणीपर्यंतही जाऊ नका. रोजचा स्टिरॉइडचा पंप चालू आहे आणि त्यावर दमा पूर्ण शांत आहे, हे चालतं.

डाइव्हच्या ट्रिपमध्ये पीक फ्लो मीटर (फुंकरीचा जोर मोजणारं छोटं उपकरण) सोबत ठेवा आणि सकाळ-संध्याकाळ फुंका. स्वतःच्या सर्वोत्तम आकड्यापेक्षा १० टक्क्यांहून जास्त घट, दिवसभरात २० टक्क्यांहून जास्त चढउतार, किंवा गेल्या ४८ तासांत आराम देणारा पंप घ्यावा लागला असेल, तर त्या दिवशी बोटीवर बसून राहायचं. बोटीवर दोन पफ मारून उतरणं ही सर्रास दिसणारी चूक आहे. पंपची गरज पडली हाच पाण्यात न जाण्याचा इशारा असतो.

मुंबईत टीबीचा प्रश्न वेगळा विचारायला हवा, कारण बरा झालेला टीबी लोक आजारांच्या यादीत धरतच नाहीत. औषधांचा कोर्स संपला, थुंकी स्वच्छ आली, तरी फुप्फुसात पोकळी, फुगा किंवा व्रण राहू शकतो आणि तिथे हवा अडकते. साध्या एक्स-रेवर तो निसटतो. एचआरसीटी (फुप्फुसांचं बारकाईचं सीटी स्कॅन) आणि स्पायरोमेट्री दोन्ही करा. पोकळी किंवा फुगा दिसला तर डाइव्ह नाही. कबुतरांच्या विष्ठेमुळे फुप्फुस जाड होण्याचा विकार झालेल्यांनाही हेच लागू. आणि फुप्फुस आपोआप फुटून छातीत हवा भरण्याचा प्रकार आयुष्यात एकदाही झाला असेल, तर स्कूबाचा विषय बंद. स्नॉर्कलिंगला पृष्ठभागावर राहायला हरकत नसते.

मधुमेह

शुगर जास्त असण्यापेक्षा पाण्याखाली ती घसरण्याची भीती मोठी. घाम, थरथर, गोंधळ ही लक्षणं थंडीत आणि उत्साहात ओळखूच येत नाहीत. नुसत्या मेटफॉर्मिनवर असलेल्यांना हा धोका कमी. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी पुढचं सगळं काटेकोर पाळायचं.

आधीच्या अटी: वय १८ पूर्ण, इन्सुलिन सुरू होऊन किमान वर्ष, गोळ्या सुरू किंवा बदलून किमान तीन महिने, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी दाखवणारी चाचणी) ९ च्या वर नाही, गेल्या वर्षभरात दुसऱ्याची मदत लागेल इतकी शुगर घसरलेली नाही, आणि घसरताना स्वतःला कळतं. डोळ्यांचा पडदा, किडनी, नसा आणि हृदय यांवर मधुमेहाचा परिणाम झालाय का हेही तपासून घ्या. मर्यादा ३० मीटर आणि ६० मिनिटं.

डाइव्हच्या दिवशी दोनेक तास आधी नेहमीचा नाश्ता करा. मालवणात घावणे-चटणी मिळाली तर छानच, फक्त इन्सुलिनचा हिशेब त्याप्रमाणे बसवा. मग शुगर तीनदा मोजा: ६० मिनिटं आधी, ३० मिनिटं आधी, उतरायच्या क्षणी. आकडा १५० च्या वर आणि स्थिर किंवा चढता हवा. १६० वरून १५२ वर येत असेल तर तो खाली चाललाय. थोडं खा, थांबा, पुन्हा मोजा. ३०० च्या वर असेल तर डाइव्ह रद्द. खिशात ग्लुकोजचं जेल ट्यूबमध्ये ठेवा. पुडीतली पावडर ओल्या हातांनी उघडत नाही. शुगर घसरतेय असं वाटलं तर अंगठा आणि तर्जनी यांचा इंग्रजी एल करून जोडीदाराला दाखवा, दोघांनी सावकाश वर यायचं, बीसीडी (हवा भरून तरंगायला मदत करणारं जाकीट) फुगवायची आणि मग जेल खायचं. हा इशारा बोटीवरच ठरवून घ्या. जोडीदाराला तुमचा मधुमेह माहीत हवा, आणि तो स्वतः मधुमेही नसावा. वर आल्यावर लगेच शुगर मोजा आणि पुढचे १२ ते १५ तास अधूनमधून मोजत राहा, कारण घसरण रात्री झोपेतही होते.

शुगर मोजणारे दंडावरचे सेन्सर पोहण्यापुरते वॉटरप्रूफ असतात, डाइव्हच्या दाबासाठी नाहीत. इन्सुलिन पंप किनाऱ्यावर काढून ठेवा. डापाग्लिफ्लोझिनसारखी लघवीवाटे साखर काढणारी औषधं घेत असाल तर उन्हात, बोट लागून उलट्या होत असताना शरीर कोरडं पडतं. ती ट्रिपमध्ये कशी घ्यायची हे डॉक्टरला आधी विचारा.

बीपी आणि हृदय

गोळीवर बीपी १४०/९० च्या खाली स्थिर असेल आणि हृदय-किडनीवर परिणाम नसेल तर सहसा परवानगी मिळते. १६०/१०० च्या वर असताना कुणी सही दिली, तरी घेऊ नका. कोणती गोळी, हे महत्त्वाचं. मेटोप्रोलोल, अटेनोलोलसारखे बीटा ब्लॉकर हृदयाची गती वाढू देत नाहीत, त्यामुळे प्रवाहात पोहावं लागलं तर दम अपुरा पडतो. काहींच्या श्वासनळ्याही आकसतात. रामिप्रिलच्या गटातल्या गोळ्यांनी कोरडा खोकला येतो, आणि रेग्युलेटर तोंडात असताना खोकल्याची उबळ नकोशी. गोळी बदलायची तर डॉक्टर बदलतील, तेही ट्रिपच्या महिनाभर आधी. स्वतःहून बंद करणं सर्वांत वाईट.

बीपी असलेल्यांमध्ये एक प्रकार जास्त दिसतो: पाण्यात असतानाच फुप्फुसात पाणी साठणं. खाली दम लागतो, खोकला येतो, वर आल्यावर गुलाबी फेस दिसतो. बरेच जण याला "पाणी गिळलं" म्हणून सोडून देतात. दम लागला की डाइव्ह तिथेच थांबवा, वर या, ऑक्सिजन घ्या, आणि तपासणीशिवाय पुन्हा उतरू नका.

पंचेचाळिशी ओलांडली असेल आणि सोबत सिगारेट, कोलेस्टेरॉल, बीपी किंवा घरात पन्नाशीच्या आत हृदयविकार असेल, तर फॉर्म तुम्हाला डॉक्टरकडे पाठवतोच. ईसीजीवर भागवू नका, टीएमटी (ट्रेडमिलवर चालताना काढलेला ईसीजी) करा. त्यातल्या ब्रूस प्रोटोकॉल या ठरलेल्या पद्धतीत तीन-तीन मिनिटांचे टप्पे असतात. तिसरा टप्पा, म्हणजे नऊ मिनिटं, पूर्ण केली की साधारण १० मेट्स, म्हणजे स्वस्थ बसल्याच्या दहापट श्रम, होतात. तेवढं छातीत न दुखता, ईसीजी न बदलता जमायला हवं. अँजिओप्लास्टी किंवा बायपास झाली असेल तर सहा महिने ते वर्ष थांबून मग हीच चाचणी. वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर कानात किंवा मज्जारज्जूत झालेला छोटा रक्तस्रावही मोठा होतो, त्यामुळे बहुतेक डॉक्टर नकार देतात. पेसमेकर असेल तर तो किती दाबापर्यंत तपासलाय हे कंपनीकडून लेखी मागवा, आणि तो कशासाठी बसवलाय हा प्रश्न त्याहून मोठा.

कान, नाक, दात

डाइव्ह अर्ध्यावर सुटते ती बहुधा कानामुळे. दाब सारखा केला नाही तर जेमतेम सव्वा मीटरवरच कानाची नळी आवळली जाते आणि मग कितीही फुंकलं तरी उघडत नाही. म्हणून दुखायची वाट न बघता सुरुवात पृष्ठभागावरच करायची, आणि पहिले पाच मीटर दर अर्ध्या मीटरला. नाक चिमटीत धरून हलकेच फुंका किंवा नाक धरून आवंढा गिळा. दुखलं तर मीटरभर वर या, पुन्हा प्रयत्न करा. जोर लावून फुंकणाऱ्यांच्या आतल्या कानाचा नाजूक पडदा फाटतो. भोवळ, कानात शिट्टी आणि बहिरेपण येतं, ते कधी कायमचं राहतं.

घरी आरशासमोर नाक धरून हळू फुंका. दोन्ही कानांत टक असा आवाज आला तर चांगलं. एकाच कानात आला, किंवा आलाच नाही, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडून दुर्बिणीने पडदा बघून घ्या आणि टिंपॅनोमेट्री (मधल्या कानातला दाब तपासणारी चाचणी) करा. पडद्याला भोक किंवा ग्रोमेट (पडद्यात बसवलेली बारीक नळी) असेल तर नाही: थंड पाणी मधल्या कानात शिरलं की दिशाच कळेनाशी होते. भोक भरून किंवा शस्त्रक्रियेनंतर किमान दोन-तीन महिने जाऊ द्या. मिनिएर (भोवळ आणणारा आतल्या कानाचा विकार) असेल किंवा शस्त्रक्रियेत मास्टॉइडची, म्हणजे कानामागच्या हाडातली, पोकळी उघडी ठेवली असेल तर नाही.

सर्दीत नाकात थेंब टाकून उतरू नका. खाली जाताना वाट मोकळी असते, पाण्यात असतानाच औषधाचा असर उतरू शकतो, आणि मग वर येताना हवा आतच कोंडते. उतरताना दुखलं तर थांबता येतं. वर तर यावंच लागतं. रूट कॅनाल अर्धवट, वर तात्पुरतं सिमेंट, अशा दातातही हवा अडकते. ते काम आधी संपवून घ्या.

थोडक्यात आटोपणारे

फिट येत असेल किंवा त्यासाठी औषध चालू असेल: नाही. गरोदर असताना, किंवा शंका जरी असेल: नाही, दाबाखाली विरघळलेल्या नायट्रोजनचे वर येताना रक्तात बुडबुडे होऊ शकतात, आणि बाळाच्या रक्तातले असे बुडबुडे गाळायला त्याची फुप्फुसं अजून कामाला लागलेली नसतात. जांघेतला हर्निया दुरुस्त न केलेला: नाही, आतड्यातली हवा वर येताना अडकते. सिकल सेलचा आजार: नाही, नुसते वाहक असाल तर डॉक्टर ठरवतील. डोळ्याच्या पडद्याच्या शस्त्रक्रियेत डोळ्यात वायू भरला असेल तर तो पूर्ण विरेपर्यंत विमानही नाही आणि डाइव्हही नाही. लॅसिकनंतर महिनाभर थांबा. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स चालतात.

डेंग्यूनंतर ताप गेला म्हणजे झालं असं नाही. प्लेटलेट नेहमीच्या पातळीवर याव्यात आणि तीच १४ मिनिटांची चाल पुन्हा जमावी.

पॅनिकचे झटके येतात ही गोष्ट लोक सर्वांत जास्त लपवतात, आणि घाबरून झपाट्याने वर येणं हेच अपघातांचं मोठं कारण. लोकलच्या गर्दीत किंवा एमआरआयच्या नळीत घुसमटत असेल तर आधी तलावात मास्क-रेग्युलेटरवर चार-पाच सत्रं करून बघा. नैराश्याच्या गोळ्यांवर स्थिर असलेल्यांना परवानगी मिळू शकते. नुकत्याच सुरू केल्या असतील तर थांबा.

परतीचा प्रवास आणि नंतरची लक्षणं

अंगात विरघळलेला नायट्रोजन निघून जायला वेळ लागतो, आणि तोवर उंचीवर गेलात तर त्याचे बुडबुडे होऊ शकतात. म्हणून एकच डाइव्ह असेल तर विमानाआधी १२ तास, अनेक डाइव्ह किंवा अनेक दिवस असतील तर १८ तास थांबा. २४ धरले तर निर्धास्त. अंदमानहून येताना शेवटचा दिवस कोरडा ठेवा. मालवणहून रेल्वेने किंवा महामार्गाने मुंबई गाठताना फारशी उंची लागत नाही, पण आंबोलीमार्गे वर चढलात तर सुमारे ७०० मीटर उंची होते. डाइव्ह संपवून त्याच दुपारी घाट चढू नका, रात्र किनाऱ्यावर काढा.

सांधेदुखी, मुंग्या, पायात अशक्तपणा, चक्कर, अंगावर चट्टे, लघवी न होणं, यातलं काहीही डाइव्हनंतर २४ तासांत झालं तर ते या बुडबुड्यांमुळे असू शकतं, थकव्यावर ढकलू नका. रुग्णाला आडवं झोपवा, मास्कने १०० टक्के ऑक्सिजन द्या, शुद्धीत असेल तर पाणी पाजा, १०८ ला फोन करा आणि "डाइव्ह केली होती" हे पहिल्याच वाक्यात सांगा. नाइट्रस ऑक्साइड मिसळलेला वेदनाशामक वायू देऊ देऊ नका, त्याने बुडबुडे वाढतात. पुन्हा पाण्यात उतरून दाब देण्याचा प्रयत्नही नको. उपचार प्रेशर चेंबरमध्ये होतो, आणि त्यातला नेहमीचा ठरलेला उपचारक्रम १८ मीटरच्या दाबाने सुरू होऊन पावणेपाच तास चालतो. जखमा भरण्यासाठी असलेल्या प्रत्येक हायपरबेरिक क्लिनिकमध्ये ही सोय नसते, म्हणून जवळचं चालू चेंबर कुठे आहे आणि बोटीवर ऑक्सिजनचा सिलिंडर भरलेला आहे का, हे दोन प्रश्न सेंटरला बुकिंगचे पैसे भरण्याआधी विचारा. मेडिक्लेममध्ये स्कूबा धरलंय का, हेही त्याच फोनाफोनीत बघून घ्या.